एक टेनर आणि काळी चार

रविवार, रात्री उशिरा

भातकापणी चालू आहे, त्यामुळे चर्चच्या गायकवृंदाच्या तालमीला आज मोजकीच मंडळी. वसईत हे दिवस असेच असतात. काक्या नेहमीप्रमाणे हजर, बासला (पुरुषांचा खालचा आवाज) दोघे काका. टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) एकच, तोही गाडी वेळेवर मिळाली तर येणार.

अशा गायकवृंदाला चार आवाजांची, म्हणजे चार वेगळ्या चाली एकाच वेळी गायची, रचना देणं म्हणजे त्या एकट्या टेनरवर अन्याय. चुकला तर चर्चभर कळतं, आला नाही तर मधला सूरच गायब. मोठ्या पॅरिशचं (धर्मग्रामाचं) ऐकून तसंच गायचा हट्ट मला तरी पटत नाही.

फादरांना मात्र नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) ‘सायलेंट नाइट’ चार आवाजांतच हवं आहे. मी त्यांना त्या गीताचीच गोष्ट सांगितली. २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावच्या चर्चमध्ये ते पहिल्यांदा म्हटलं गेलं, तेव्हा गाणारे मुख्य दोघेच. शब्द लिहिणारे योसेफ मोर टेनर गात गिटार वाजवत होते आणि चाल बांधणारे फ्रान्झ ग्रूबर बास. बाकीचे फक्त कडव्याच्या शेवटच्या ओळी उचलत होते, भजनात टाळकरी ध्रुपद उचलतात तसे.

फादर हसले. “मग गिटार कोण वाजवणार, मास्तर?”

तालमीत लगेच करून पाहिलं. मूळ चाल प ध प ग अशी निघते. ती बहुतेक काक्यांना दिली आणि खालचा आवाज असलेल्या दोघींना ग म ग सा. झाला दुसरा आवाज! काकांनी चालच खालच्या सप्तकात धरली. चाल मध्य सा पासून थेट तार मध्यमापर्यंत जाते, हीच खरी अडचण. छापील प्रतींत बहुधा काळी पाच असते, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी हा सा. तिथून वरचा म लावताना काक्यांचे चेहरेच सांगत होते. काळी चार धरली आणि सगळे सुटले. (पेटीवाल्याला पट्टी बदलायचा कंटाळा, तो निराळा विषय.)

ग्लोरिया (मिस्सातलं देवाचं स्तुतिगीत) एकसुरीच ठेवणार, म्हणजे सगळ्यांना एकच चाल. आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या आठवड्यांच्या) रविवारी तो म्हणत नाहीत, त्यामुळे मध्यरात्री तो परत येतो तेव्हा सगळं चर्च गायला आसुसलेलं असतं. तिथे आवाजांची कसरत मध्ये कशाला आणायची?

राहिली गिटार. काकीचा नातू शिकतोय, तीनच कॉर्ड येतात म्हणाला. या चालीला तेवढ्या पुरतात. उद्या त्याला निरोप धाडतो.