आमची वाटचाल: पिवळा फ्यूज ते चॉकलेटी फ्यूज

आमचं शॉप कोल्हापुरात उद्यमनगरात, खाली वडिलांचं लेथ आणि वर पोटमाळ्यावर मी, रिमोटच्या बोटी बनवतो. फायबरची बॉडी, दोन ७७५ साईजच्या ब्रश मोटर (आत कार्बन ब्रश असलेल्या, दोन वायरींच्या), १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तासाची) बॅटरी. वडील सुरुवातीला म्हणायचे की खेळणी करून पोट भरतं का, आता तेच प्रॉपचे (बोट ढकलणाऱ्या पंख्याचे) शाफ्ट काढून देतात, ते असो.

पहिल्या लॉटला फ्यूज हा विषयच नव्हता आमच्या डोक्यात. गाडीच्या स्पेअरपार्टच्या दुकानातून लाल १० अँपचा ब्लेड फ्यूज (चपटा, दोन पायांचा, रंगावरून अँप कळतात) आणला, दोन्ही मोटरना मिळून एकच, बॅटरीच्या प्लसला लावला आणि बोटी दिल्या. मग फोन चालू. "दादा, फुल्ल रेस दिली की फ्यूज जातोय." जाणारच की, एकेक मोटर पाण्यात साडेपाच अँप खाते, दोन्हीचे अकरा, वर सुरू होतानाचा झटका वेगळा. एकानं तर उडालेल्या फ्यूजच्या दोन पायांना वायरीतली तांब्याची तार गुंडाळून बोट चालवली होती, आणि मला अभिमानानं फोटो पाठवला!

आम्ही काय केलं, तर सरळ पिवळा २० अँपचा घातला. फोन बंद झाले आणि आम्हाला वाटलं सुटला प्रश्न.

पुढं एका रविवारी रंकाळा तलावावर एका गिऱ्हाईकाच्या बोटीची एक मोटर मधेच थांबली. मुलगा अर्ध्या रेसवर रिमोट धरूनच उभा, बोट गोल गोल फिरतीय. दुसऱ्या मोटरवर कशीबशी काठाला आणली, झाकण काढलं तर जळक्या वार्निशचा वास आणि डाव्या मोटरच्या लाल-काळ्या वायरी वितळून एकमेकींना चिकटलेल्या. प्रॉपला नायलॉनचा दोरा आणि जलपर्णीची मुळं, नुसता गुंता. आणि पिवळा फ्यूज? नवाकोरा.

त्या रात्री पहिल्यांदा नीट मोजलं. मल्टिमीटरवर एवढा कमी ओहम धड दिसत नाही, म्हणून बेंच सप्लायवरून (हवा तेवढा करंट देणाऱ्या टेबलावरच्या यंत्रातून) १ अँप सोडला, शाफ्ट हातानं धरून दोन-चार ठिकाणी फिरवून व्होल्ट बघितले, ०.६ च्या आसपास. म्हणजे ०.६ ओहम, म्हणजे १२ व्होल्टवर अडकलेली मोटर फार तर २० अँप ओढणार. आता २० चा फ्यूज २० ला कशाला उडेल? आणि अर्ध्या रेसवर तर आणखी गंमत, ईएससी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं सर्किट) करंट चालू-बंद करत देतो त्यामुळं बॅटरीतून पाच-सहाच अँप जातात पण मोटरच्या वेटोळ्यात दहा-बारा फिरत असतात. बॅटरीजवळच्या फ्यूजला त्यातलं काही कळतच नाही, मोटर मात्र आत भाजत असते.

तेव्हापासून प्रत्येक मोटरला वेगळा फ्यूज, ईएससी आणि मोटरच्या मधे, ७.५ अँपचा चॉकलेटी. साडेपाच अँपचं रोजचं काम त्याच्या पाऊण रेटिंगमधे बसतं, अर्ध्या रेसवर मोटर अडकली तरी सहसा मिनिटाच्या आत जातो, फुल्लवर तर सेकंदा-दोन सेकंदांत. एक गेला तर दुसऱ्या मोटरवर बोट काठाला येते, रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर आणि सुकाणू वळवणारी छोटी सर्व्हो मोटरही चालू राहते. बॅटरीच्या प्लसला अगदी चिकटून निळा १५ चा वेगळा, तो फक्त शॉर्टसाठी, कारण तेवढीशी बॅटरी शॉर्ट झाली तर शंभरच्या वर अँप सहज सोडते आणि मग वायर हाच फ्यूज होतो. हे गणित ब्रश मोटरचं आहे हां, ब्रशलेस (बिनब्रशच्या) मोटरच्या तीन वायरींत फ्यूज घालू नका.

काचेचे फ्यूज पण वापरून बघितले, स्वस्त पडतात, पण ओलाव्यानं होल्डरच्या क्लिपा हिरव्या पडतात, ढिल्या होतात आणि तिथंच गरम होतं. सोडून दिले.

आता बॉक्समधे चार चॉकलेटी फ्यूज एक्स्ट्रा देतो, होल्डरवर रंगाचा ठिपका मारलेला असतो. पिवळा फ्यूजवाली जुनी बोट अजून कुणाकडं असेल तर शॉपवर घेऊन या, अर्ध्या तासाचं काम आहे, पैसे घेणार नाही. तांब्याची तारवाला भाऊ अजून आलेला नाही.