एक चमचा कमी

"बाळाच्या दूध पावडरचा डबा पंधरा दिवस पुरवायचाय, म्हणून एक चमचा कमीच घालते," मेडिकलमध्ये माझ्या पुढची बाई इतकं सहज बोलली की मला काही सुचेचना. मुठीत चुरगळलेल्या नोटा, कडेवर चार महिन्यांचं बाळ, ते तिच्या पदराचं टोक चोखतंय.

म्हटलं, ताई, पातळ केलं तर पोट भरतं पण अंगी लागत नाही हो. म्हणाली, कामावर जायला लागले आणि दूध आटलं.

नाचणीसत्व सांगणार होते, पण ते सहा महिन्यांनंतर. सायन हॉस्पिटलात १९८९ पासून मातृदुग्ध पेढी आहे, म्हणजे इतर आयांनी दिलेलं दूध साठवणारी, पण ते दूध आधी अपुऱ्या दिवसांच्या, आजारी बाळांना, आणि ते बरोबरच आहे. बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे, पण चार घरची धुणीभांडी करणारीला ती कोण देणार?