वेम्बान्यामाचं पहिलं वर्ष: आकड्यांच्या आत काय होतं

अमेरिकेत सॅन अँटोनियोत संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेसहाला दिसतो. त्यामुळे २०२३-२४ च्या मोसमात नाशिकच्या एनबीएवेड्यांचा (एनबीए म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) वाद मिसळीच्या टेबलावरच रंगायचा: सॅन अँटोनियो स्पर्सचा नवखा व्हिक्टर वेम्बान्यामा घडतोय की नुसता चमकतोय?

७१ सामने, सरासरी २१.४ गुण, १०.६ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर मिळवलेला चेंडू), ३.६ ब्लॉक (समोरच्याचा अडवलेला फटका). टीकाकार बोट ठेवायचे ते तीन गुणांच्या फटक्यांवर: ३२.५ टक्के, तेही सामन्याला पाचेक प्रयत्न करून. शिवाय साडेतीनहून जास्त टर्नओव्हर, म्हणजे चेंडू गमावणं. टीका खरी, पण अर्धीच.

सुरुवातीला तो पॉवर फॉरवर्ड (उंच आघाडीचा खेळाडू), शेजारी सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा, झॅक कॉलिन्स, आणि चेंडू आणायला मुळात फॉरवर्ड असलेला जेरेमी सोहान. दोन उंच खेळाडूंमुळे बास्केटखाली गर्दी व्हायची, आणि वर उंच पास वेळेवर देणारा कुणी नाही. ७ फूट ४ इंचांच्या मुलाला मग बाहेर उभं राहून फटके मारण्याशिवाय काय उरतं? डिसेंबरमध्ये त्याला सेंटर केलं, जानेवारीत चेंडू आणणारा गार्ड ट्रे जोन्स सुरुवातीच्या पाचात आला. स्क्रीन लावायचा (सहकाऱ्यासाठी बचावपटूची वाट अडवायची), रिंगकडे धावायचं, पास वरच झेलायचा, इतकं साधं झालं.

संघ २२ विजय, ६० पराभवांवरच थांबला, हे खरंच. पण विजयांवरून नवख्याला मोजणं मला पटत नाही. त्यापेक्षा डबल टीम आल्यावर, म्हणजे दोघे बचावपटू अंगावर आल्यावर, त्याचा पास किती लवकर सुटतो ते बघा.