साखर बरी, रक्त कमी

आज गरोदरपणाच्या पंचविसाव्या आठवड्यातली साखरेची तपासणी झाली. सदाशिव पेठेतल्या लॅबमध्ये ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायचं होतं. शेवटचे दोन घोट घशाखाली उतरेनात. मग दोन तास बाकावर. शेजारच्या काकूंनी पाठीवरून हात फिरवला, तेवढ्यानं डोळे भरून आले.

साखर ११८, म्हणजे १४०च्या आत. हिमोग्लोबिन मात्र ९.२. गरोदरपणात ११ तरी हवं. जिना चढताना लागणारी धाप मी महिनाभर पोटाच्या वजनावर ढकलत होते!

डॉक्टरांनी विचारलं, "लोहाची गोळी कशाबरोबर घेता?"

चहाबरोबर. चहानं लोह अंगी नीट लागत नाही, हे इतक्या महिन्यांत कुणीच सांगितलं नव्हतं. आता गोळी लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियमची वेगळ्या वेळी.

सासूबाईंनी आत्ताच लिंबू चिरून ओट्यावर ठेवलंय, चहाचं आधण ठेवायच्या आधी.