दुसरी खेप वाचवण्यासाठी : आमची वाटचाल

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बाजारपेठेतील भाड्याच्या एका गाळ्यात २००९ साली आम्ही दोघा भावांनी रक्त-लघवी तपासणीची लॅब सुरू केली. त्या काळी जांबोटी, कणकुंबीकडच्या जंगलपट्ट्यातील माणूस साधी साखर तपासायला निघाला, तरी त्याचे दोन दिवस मोडत : एक रक्त देण्यात आणि दुसरा रिपोर्ट नेण्यात. उपाशीपोटी पहिली बस गाठायची, ती चुकली की चहासुद्धा न घेता दुपारपर्यंत थांबायचे. शिवाय दोन्ही दिवसांची मजुरी बुडायची ती वेगळीच. तपासणीच्या फीपेक्षा ही खेपच महाग पडते, हे आम्हाला गल्ल्यावर बसून फार उशिरा कळले.

म्हणून २०१३ साली आठवड्यातून एक दिवस आम्हीच गावोगाव जाऊन नमुने घेऊ लागलो. गावातील आरोग्य कार्यकर्त्या असलेल्या आशाताईंनी आदल्या संध्याकाळी निरोप दिला की सकाळी मंदिराच्या ओट्यावर वीस-पंचवीस माणसे जमत. सुरुवातीच्या त्या दिवसांत आमच्याकडून झालेली एक चूक मी आजही विसरलेलो नाही. एका शेतकरी काकांची उपाशीपोटीची साखर आम्ही ११८ दिली. काही दिवसांनी बेळगावात त्यांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा ती १४६ निघाली, आणि ते रिपोर्ट घेऊन आमच्याकडे आले. ते रागावले नाहीत. "मग खरं कुठलं?" एवढेच त्यांनी विचारले. सलग दोनदा १२६ किंवा त्याहून अधिक आली तर मधुमेह मानतात, त्यामुळे आमचा आकडा त्यांना खोटा दिलासा देणारा ठरला होता.

चूक यंत्राची नव्हती, वाटेची होती. रक्त नळीत आल्यावरही त्यातील पेशी साखर वापरतच राहतात, आणि नेहमीच्या तापमानाला दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. आमची गाडी खड्ड्यांच्या रस्त्याने लॅबला पोहोचायला तीन-चार तास घेत असे. करड्या टोपणाच्या नळीत साखर टिकवण्यासाठी फ्लोराइड असते, पण तेही पहिला तास-दीड तास पुरेसे काम करत नाही. त्यानंतर आम्ही गाडीतच बॅटरीवर चालणारे सेंट्रीफ्यूज (नळी वेगाने फिरवून रक्ताचे घटक वेगळे करणारे यंत्र) बसवले, बर्फाच्या पेट्या घेतल्या आणि रक्त काढल्यापासून तासाभरात प्लाझ्मा, म्हणजे रक्तातील पेशींशिवायचा द्रव, वेगळा करण्याचा नियम केला, तो आजतागायत मोडलेला नाही. हेलकाव्यांनी पेशी फुटून पोटॅशियमचा आकडा फसवा येऊ नये, म्हणून नळ्या उभ्या ठेवण्याची लाकडी चौकट गावच्या सुताराकडून करून घेतली. काकांची तपासणी आम्ही पुढे वर्षभर विनामूल्य केली.

रिपोर्ट इंग्रजीत येत आणि सरकारी कागद कन्नडमध्ये, त्यामुळे मराठी माणसाला ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागत. आता प्रत्येक रिपोर्टला आम्ही मराठीत एक पान जोडतो आणि कन्नड भाषक रुग्णांसाठी कन्नडमध्ये देतो. त्यावर निदान नसते. कोणता आकडा मर्यादेबाहेर आहे आणि डॉक्टरांना कधी दाखवावे, एवढेच ठळक अक्षरांत असते.

२०१८ पासून आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल (दारिद्र्यरेषेखालील) कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते, आणि ते मोठेच आहे. परंतु ही योजना प्रामुख्याने रुग्णालयातील उपचारांसाठी असल्याने, रोग वाढू नये म्हणून करायच्या साध्या तपासण्यांचा भार घरच्यांवरच पडतो. त्यामुळे रेशन कार्ड पाहून साखर, हिमोग्लोबिन व क्रिएटिनीन (मूत्रपिंडाची तपासणी) यांचे दर आम्ही निम्म्यावर ठेवले आहेत आणि रोजंदारीवरच्या माणसाला हप्त्याने पैसे देण्याची मुभा दिली आहे. तोटा दाखवणारे महिने येतात, ते शहरातील कामावर भागवतो.

पावसाळ्यात कणकुंबीकडे अनेकदा दिवसभर वीज नसते आणि गाडीही पोहोचत नाही. म्हणून पुढच्या जूनपूर्वी जांबोटीत इन्व्हर्टर, फ्रीज व सेंट्रीफ्यूज असलेली एक खोली सुरू करण्याची आमची तयारी चालू आहे. तेथे रक्त काढायला आणि रिपोर्ट मराठीत समजावून सांगायला त्याच भागातील दोन मुली शिकत आहेत.