आयली पळय परत

चवथीचा दुसरा दिवस, गोव्यात म्हार्दोळला मामाकडे. दुपारी आरत्या, मग नेवऱ्या, मग परत आरत्या, आणि साडेआठला पाऊस धरला तशी लाईट गेली. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांखाली, समई तेवढी. मामाचा नातू पहिलीत आहे, तो आत्ये गोष्ट सांग म्हणून मागे लागला (बापाचा मोबाईल चार्ज नव्हता म्हणून हं, नाहीतर मला कोण विचारतंय).

पंचतंत्रातली मुंगसाची सुरू केली. ते सापापासून बाळाला वाचवतं आणि आई त्याचं रक्ताळलेलं तोंड बघून त्यालाच मारते, ती. अर्ध्यातच म्हणाला, मुंगूस बोललं का नाही? सांगायचं ना मी नाही केलं म्हणून. बोलणारा प्राणी पाहिजे. मग पोपटाची सांगितली. ती माझीच आहे हे नाही सांगितलं.

एक मुलगी असते, तिसरीतली. आई हॉस्पिटलात म्हणून तिला मामाकडे ठेवलेली. पडवीत पिंजरा, त्यात कीर. तेव्हा घरोघरी असायचे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडचे रानपोपट पाळायला बंदी आहे हे आमच्या आळीत तरी कोणाच्या गावी नव्हतं. मुलगी शाळेतून आली, पायरीवर छत्री झटकली की कीर मान वाकडी करून, पिंजऱ्याच्या दांडीवर पाय आपटत ओरडायचा, "आयली पळय परत!" म्हणजे आली बघ परत. थेट मामीचा आवाज, तोच हेल. मुलीला वाटलं, मामी आपल्यामागे हेच बोलते, त्याशिवाय हा कुठून शिकणार. मामी जायांच्या कळ्या वळेसराला (गजऱ्याला) ओवत बसलेली असायची, म्हणायची जेव गो, आणि मुलगी भूक नाही म्हणायची. पंधरा दिवस अर्ध्या पोटी काढले. पुढे कितीतरी वर्षं मे महिन्यात इकडे यायचं टाळलं, कारण कोणालाच सांगितलं नाही.

मग कॉलेजात असताना एकदा आलेच. हळदीच्या पानांवर पातोळ्या थापत होतो, कीर तोवर मेलेला. लाईट गेलेली ती आली, आणि मामी पिठाचा हात तसाच वर करून ओरडली, "आयली पळय परत!" मी पान हातात घेऊन बसूनच राहिले. माझ्या त्या पंधरा दिवसांत ट्रान्सफॉर्मर जळला होता, लाईट अशी नव्हतीच, म्हणून घरात ते वाक्य फक्त कीर बोलायचा.

हल्ली यावर थोडं वाचलंय. पोपटाला आपल्यासारखे स्वरतंतू नसतात, श्वासनळीच्या खालच्या टोकाला अवयव असतो त्यातून आवाज काढतो. रानात थव्यातल्यांना धरून राहायला एकमेकांचे आवाज उचलतात, पिंजऱ्यात थवा म्हणजे घरातली माणसं. आणि ज्या शब्दाला घरभर कल्ला होतो तो पटकन उचलतात म्हणे. लाईट आली की इथे सगळे टाळ्या पिटायचे. म्हणजे त्याच्या लेखी ते आनंदाचंच ओरडणं असणार, आणि छत्री झटकली की तो ते माझ्यासाठी ओरडायचा. हे मी लावलेलं आहे, त्याला विचारायची सोय नाही.

पोराला एवढं कुठलं सांगणार, त्याला लाईटपर्यंतच सांगितलं. तो म्हणाला, मग तिने मामीला सांगितलं?

नाही.

का?

म्हटलं, झोप आता. तो कसला झोपतो, मामीला मोठ्ठं सॉरी म्हणायला पाहिजे ना, तिला उगाच वाईट ठरवलं, आणि किराला पण, असं त्याचं चालूच. मी समईची वात सारखी करायला उठले, तशी ती करायची गरज नव्हती.

आतल्या खोलीत खाट करकरली. मला वाटलेलं मामी कधीच झोपली.

"खंयच्या किराची काणी सांगता गो?" ती म्हणाली. "आमच्या?"