चार ते वीस

गुरुवार, रात्री

आज डॉक्टरांकडं जाऊन आलो. यावेळी मोकळ्या हातानं गेलो नाही, झोपेतल्या माझ्या श्वासाच्या ग्राफच्या प्रिंटा काढून फाईलला लावून नेलत्या. डॉक्टरांनी चष्मा वर करून बघितलं, म्हणाले हे कुणी काढून दिलं? म्हटलं पोरीनं शिकवलं, आता माझं मीच काढतोय. एरवी पेशंट आत गेला की पुढच्याचं नाव पुकारणारा माणूस, आज खुर्ची पुढं ओढून बोलत बसला. बाहेर लाईनीत बसलेली लोकं दारातून डोकावून बघत होती, आत काय ऑपरेशन चाललंय काय म्हणून.

म्हणून आज लिहून ठेवतोय, नाहीतर ही वही जीएसटीच्या हिशोबालाच लागली असती.

आधीचं थोडक्यात. घोरण्याचं आमच्या घरात कुणाला काय वाटत नाही. आण्णा उन्हाळ्यात अंगणात झोपायचे तेव्हा पलीकडच्या गल्लीत कळायचं. बायकोला घोरण्याची भीती नव्हतीच, घोरणं मधेच थांबायचं त्याची होती. सगळं एकदम गप्प, ती उठून बसणार, आणि मग हिसका देऊन मी श्वास घेणार. एकदा गदागदा हलवून विचारलं तिनं, "अहो, झोपलाय की जीव सोडलाय तुम्ही?" मी म्हटलं दमलोय, दुसरं काय. दमलेलो तर असायचोच, सकाळी उठल्यावर जास्तच. डोकं जड, रात्रीत बाथरूमच्या फेऱ्या, बीपीची गोळी वाढत चाललेली. मग शिरोलीला कास्टिंग आणायला निघालो असताना तवंदी घाटात स्टिअरिंगवरच डोळा लागला. शेजारी दोस्त होता, त्यानं ओरडून "काय बे, झोपूलालास काय!" म्हणत स्टिअरिंग धरलं म्हणून हे लिहायला आहे.

झोपेची टेस्ट घरीच झाली. स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात ह्या दुखण्याला, झोपेत श्वास अडण्याचं. नाकात नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. रिपोर्टमध्ये एएचआय ३८. म्हणजे तासाला सरासरी ३८ वेळा श्वास बंद तरी पडतोय नाहीतर उथळ तरी होतोय, आणि प्रत्येक वेळी कमीत कमी १० सेकंद. ५ च्या आत नॉर्मल, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्याच्या वर गेलं की सीव्हिअर. रक्तातला ऑक्सिजन सगळ्यात खाली गेला तेव्हा ७६ टक्के. झोपेत घशाचे स्नायू ढिले पडतात, वाट मिटते, छाती ओढत राहते खरं हवा आत येत नाही, मग मेंदू दचकून जागा करतो आणि परत तेच. आपल्याला सकाळी यातलं काही आठवत नाही, म्हणून माणूस म्हणतो मला मस्त झोप लागते.

मग मशीन आलं, सीपॅप. मास्कमधनं हवा दाबून घशाची वाट उघडी ठेवणारं. ऑटो, म्हणजे प्रेशर आपलं आपणच कमीजास्त करणारं. डीलरचा पोरगा हुबळीहून आला, प्लग लावला, मोठा मास्क तोंडावर चढवला, म्हणाला चार ते वीसवर ठेवलंय सर, सगळं आपोआप होतंय, सकाळी स्क्रीनवर हसरा चेहरा आला की झालं. पैसे घेतले, गेला.

पहिल्या रात्री मास्क लावून पडलो आणि जीव घुसमटला. हवा पुरेना. श्वास ओढतोय आणि पलीकडून काही येईना. मास्क काढून फेकला. दुसऱ्या रात्री तेच. फोन केला तर "एनू आगंगिल्ल सर, यूज माड्री". काही होत नाही, वापरा. मी वापरत होतो म्हणूनच तर फोन केलता! सकाळी हसरा चेहरा येत होता मात्र, अगदी नियमानं. मी दिवसभर वर्कशॉपमध्ये जांभया देत फिरतोय आणि मशीन मला बघून हसतंय.

आता माझा धंदा बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडर रिपेअरचा. प्रेशर आणि लिकेज याच्यावरच माझं घर चालतंय. कुणाला प्रेस बसवून दिला आणि सांगितलं की रेंज शून्य ते फुल ठेवलीय, आपोआप होतंय, तर तो गिऱ्हाईक मला परत दारात उभा करील काय? मग माझ्या घशाला हा हिशोब का नको, असं डोक्यात आलं आणि तिथनं पुढं वाचायला लागलो.

हे चार आणि वीस म्हणजे पाण्याच्या सेंटिमीटरमधलं प्रेशर. १० सेंटिमीटर म्हणजे साधारण बारचा शंभरावा भाग. आमचा कंप्रेसर ७ बारवर चालतो, त्याच्यापुढं हे म्हणजे फुंकर. एवढ्याशा फुंकरीवर घसा उघडा राहतो याचंच आधी नवल वाटलं. हे काढलं सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन नावाच्या डॉक्टरनं, १९८१ साली लॅन्सेटमध्ये छापून आलं. त्याच्या आधी सीव्हिअर पेशंटला गळ्याला भोक पाडायचे, ट्रेकिओस्टोमी. ह्या माणसानं व्हॅक्युम क्लीनरची मोटर घेतली, नाकाला मास्क बसवला आणि हवा ओढायच्या जागी आत सोडली. उद्यमबागेतला कुठलाही फिटर म्हणील, हे तर आपलंच काम की.

खरं असली गोष्ट मला दवाखान्यात कुणी सांगितली नाही, आणि मशीनच्या बाजूला एसडी कार्ड आहे हे पण सांगितलं नाही.

कार्ड पोरीनं शोधलं. गणपतीला घरी आलती, मशीन उलटंपालटं करून बघत होती, खाच दिसली. कार्ड लॅपटॉपला लावलं, ऑस्कर नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं, आणि माझी रात्र स्क्रीनवर पसरली. वर कुठं कुठं श्वास अडला त्याच्या उभ्या रेघा, खाली प्रेशरची रेघ, त्याच्या खाली लिकेज. झूम केलं तर एकेक श्वास दिसतोय. डोंगर, डोंगर, डोंगर, मग सपाट. पोरीनं कर्सर धरून मोजलं, २३ सेकंद सपाट. मग एक मोठा वेडावाकडा डोंगर. तोच तो हिसका. बायको मागं उभी राहून बघत होती, म्हणाली, "बघा, मी सांगत होते तेव्हा तुम्हाला खोटं वाटत होतं."

त्या रात्रीचा मशीननं मोजलेला एएचआय होता ९. हसरा चेहरा कशाचा आला होता तर मास्क नीट बसला म्हणून! श्वासाचा त्याच्याशी संबंधच नव्हता.

नीट बघितल्यावर दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे रात्रीच्या सुरुवातीला प्रेशर चारवर, मोठ्या माणसाला बऱ्याचदा ते पुरतच नाही, म्हणून तो जीव घुसमटणं. ऑटो मशीन अडथळा आला की मग वर चढतं, जरा शांत झालं की परत खाली उतरतं, म्हणजे प्रत्येक वेळी घसा मिटल्यावर मागनं धावत येणार. दुसरी म्हणजे पहाटे चारच्या पुढं रेघांचा नुसता गठ्ठा. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, स्वप्नांची झोप पहाटेच्या बाजूला जास्त असते, त्यात स्नायू अजून ढिले पडतात, आणि त्यात मी उताणा. सरासरीत हे सगळं झाकलं जातं. रात्रभराचा आकडा दोन-तीन आला तरी पहाटेचा एक तास वाईट गेलेला असू शकतो, म्हणून मी नुसता आकडा बघायचं सोडून दिलं.

डॉक्टरांना ग्राफचा फोटो पाठवला आणि विचारलं, खालचं प्रेशर वाढवून बघू काय? उत्तर आलं, आठ ते चौदा ठेवा. डीलरला फोन केला तर पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला. कशाला? सेटिंगचा मेनू दोन बटणं दाबून धरली की उघडतो, डीलर लोकांना ते तिजोरीच्या किल्लीसारखं गुपित वाटतंय. मीच केलं. त्या रात्री मास्क लावल्यावर पहिल्यांदा हवा पुरली. सकाळी उठलो ते सरळ चहा मागितला, डोकं धरून बसलो नाही.

पोरीनं एक नियम घालून दिलाय, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काही रात्री तसंच चालवून बघायचं. प्रेशर, मास्क, उशी सगळं एकदम बदललं तर कशानं काय झालं कळणार कसं. हे मी कामावरच्या पोरांना रोज सांगतोय, घरी मला ती सांगते.

लिकेजचं प्रकरण वेगळंच. प्रेशर बरोबर झालं तर लिकेज वाढलं. माझ्या मशीनला मिनिटाला २४ लिटरच्या आत चालतंय, माझं मधेच चाळीसला जायचं. रात्री फुर्र फुर्र आवाज आणि डोळ्यात वारा. पट्टे आवळले तर नाकावर वळ उठले, लिकेज तिथंच. शेवटी आमच्या धंद्याच्या सवयीप्रमाणं बोटाला साबणपाणी लावलं आणि मास्क चालू ठेवून कडेनं फिरवत गेलो. बुडबुडे कुठं, तर बरोबर मिशीवर! सील केसावर बसतच नाही. बायको हसून हसून खाली बसली. मिशी आण्णांच्या काळापासूनची, ती काढायचा प्रश्नच नाही. मग नुसत्या नाकपुड्यांत बसणारा लहान मास्क मागवला, पिलो म्हणतात त्याला, मिशीच्या वरच बसतो. खरं त्याला तोंड बंद पाहिजे, उघडलं की हवा तिकडनं पळाली. नाक मोकळं असलं की माझं तोंड मिटलेलं राहतं, म्हणून झोपायच्या आधी मिठाच्या पाण्याचा स्प्रे मारतो. पावसाळ्यात आपल्याकडं नाक मोकळं राहणं म्हणजे नशीबच.

उशीचं पण तसंच. सावरीच्या कापसाची उंच उशी लहानपणापासून. तिच्यावर डोकं ठेवलं की हनुवटी छातीला टेकते, घसा दुमडतो, आणि तिथं प्रेशर काय करणार. पातळ उशी घेतली, कुशीवर झोपायची सवय लावतोय. पहाटेचा गठ्ठा बराच विरळ झालाय.

चोर्ल्यातनं गोव्याला गेलतो दोस्तांबरोबर, तेव्हा मशीन बॅगेत नेलं. सगळ्यांनी चेष्टा केली. रात्री दोन पेग झाले. सकाळी कार्ड लावून बघितलं तर प्रेशर रात्रभर चौदाला चिकटलेलं, रेघा बोटभर दाट. दारूनं घसा आणखी ढिला पडतो हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि मी होय होय म्हटलं होतं. ग्राफला होय होय म्हणता येत नाही. जो सगळ्यात जास्त चेष्टा करत होता त्याच्या शेजारी मी झोपलो होतो, त्याचा पण श्वास रात्रीत थांबतोय. त्याच्या गळ्याला वर्कशॉपमधला टेप लावला, ४३ सेंटिमीटर. तपासणीच्या प्रश्नावलीत ४० च्या वर गेलं की एक खूण पडते. बीपी आहेच. अजून टेस्टला तयार नाही तो, म्हणतो तुझ्यासारखी सोंड लावून कोण झोपणार.

करंटचं सांगायचं राहिलंच. वळीव सुरू झाला की हेस्कॉमचा भरवसा नाही. करंट गेला की मशीन बंद आणि मी जागा. इन्व्हर्टरला जोडलंय, खरं त्याचं पाणी गरम करायचं भांडं आहे ना, ह्युमिडिफायर, तेच जास्त करंट खातंय, मशीन स्वतः फार घेत नाही. म्हणून इन्व्हर्टरवर असलं की ते बंद. आणि डिसेंबरच्या थंडीत नळीत पाणी जमून नाकात गुडगुड यायचं, तर नळी वाकळीच्या आतनं घेतली, थांबलं.

आता आजचं. प्रिंटमध्ये मी एका गोष्टीला लाल पेनानं गोल केलते. काही अडथळ्यांवर सीए असं लिहून येत होतं, तासाला दोन-तीन. मला वाटलं प्रेशर अजून एकनं वाढवावं. डॉक्टर म्हणाले, थांबा, इथं हात लावू नका. ह्यात घसा उघडाच असतो, मेंदूच श्वासाचा हुकूम देत नाही, त्याला प्रेशर वाढवून उपयोग नाही, उलट वाढू शकतं. नवीन मशीनवाल्यांना सुरुवातीला असं होतं, पुष्कळ जणांचं आपोआप कमी पण होतं. श्वास सोडताना प्रेशर कमी करायची जी सोय आहे ती मी तीनवर ठेवलीय, ती एकवर आणून बघा म्हणाले. आणि वाढतच गेलं तर हॉस्पिटलमध्ये रात्रभराची पूर्ण टेस्ट, हृदयाची पण तपासणी. हे मला स्क्रीनवर बघून कधीच कळलं नसतं. आणि मी कागद नेला नसता तर त्यांना पण कळलं नसतं, कारण त्यांच्याकडं आलेल्या रिपोर्टमध्ये नुसता एकच आकडा होता, आणि तो चांगला होता.

परत निघताना म्हणाले, दुसऱ्या पेशंटना पण हे कार्डाचं सांगतो आता. सांगतील की नाही काय की.

आत्ता सेटिंग एकवर केलंय, दुसरं काही हलवलेलं नाही. फिल्टर बदलायला झालाय, उद्यमबागेची धूळ माझ्या कपड्यांतनं घरापर्यंत येते, महिन्याला काळा पडतोय. पिलोचं एक बाजूचं रबर पण जरा ढिलं झालंय, साबणाच्या पाण्यात धुऊन वाळत टाकलंय. आठवडाभर असंच चालवतो, मग पुढच्या गुरुवारी कार्ड काढून सीए किती उरलेत ते बघतो आणि डॉक्टरांना पाठवतो.